शिवणीच्या आतलं कापड

मास्तर दुखण्यातून उठले आणि लोकांनी त्यांच्यामागे भुणभुण लावली. आतड्याचा कॅन्सर, एक मोठं ऑपरेशन, बारा वेळा सलाइनमधून औषध, आणि शेवटी डॉक्टरांचं ते वाक्य: आता काही दिसत नाहीये, दर सहा महिन्यांनी येत चला. एवढ्यावर माणसानं गप घरी बसावं की नाही? पण भेटेल तो म्हणायचा, "मास्तर, देवानं तुम्हाला कशासाठी तरी ठेवलंय." मास्तर तीस वर्षं टेलर. मोघम माप त्यांना चालत नाही. ते विचारायचे, "कशासाठी?" की समोरचा लगेच घड्याळ बघायचा.

जिवावरचं बोटांवर निभावलं असं आपण म्हणतो. मास्तरांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. औषधांनी दहाही बोटांची टोकं बधिर करून ठेवली होती. सुई हातात आहे की सुटली, हे डोळ्यांनी बघून कळायचं. पूर्वी दुकानात ते कापायचे आणि धाकटा भाऊ शिवायचा. आता धाकटा दोन्ही करत होता आणि मास्तर दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्याला "बसा, बसा" म्हणत होते. बसायला दुसरं स्टूल नव्हतं.

घरी मास्तरीणबाईंनी बरेच उपाय सुचवले. कुंड्या आणल्या, त्या सुकल्या. शेजारच्या मुलीला गणित शिकवायला बसवलं, तर दोन दिवसांत तीच यांना शिकवायला लागली. "अहो, तुम्हाला नक्की करायचंय तरी काय?" असं बाईंनी विचारलं की मास्तर खरंच विचार करायचे आणि खरंच सांगायचे, "कळत नाहीये गं." जिवंत असल्याचा आनंद होता, नाही असं नाही. पण तो आनंद ठेवायचा कुठे, हे समजत नव्हतं.

शेवटी ते शनिवारी इस्पितळात जायला लागले. जिथे त्यांनी औषध घेतलं त्याच वॉर्डात बरे झालेले लोक येऊन आजाऱ्यांशी बोलायचे. "तुमची गोष्ट सांगा, त्यांना धीर येतो," नर्सबाई म्हणाल्या. मास्तरांना एका उंच गृहस्थाच्या कॉटशी बसवलं. हे पूर्वी बस चालवायचे, त्यामुळे सगळा वॉर्ड त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणे. आता गोष्ट काय सांगणार? झोपलो, ओकलो, उठलो. मास्तरांनी पाच मिनिटं घसा खाकरण्यात काढली. मग त्यांची नजर गेली ड्रायव्हरसाहेबांच्या पट्ट्यावर. त्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती, आणि पँट कंबरेभोवती चुण्या पडून कशीबशी अडकली होती.

"मागून तीन इंच घ्यावी लागेल," मास्तर बोलून गेले.

ड्रायव्हरसाहेब हसले. इतके हसले की पलीकडच्या कॉटवर टेकलेली त्यांची बायको उठून बघायला आली. मास्तर घरी निघाले ते बगलेत ती पँट घेऊन.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ढगळ पँट आवळली की शिवणीच्या आत जादा कापड उरतं. ते तसंच ठेवलं तर पुढेमागे उसवून पँट पुन्हा मोठी करता येते. पण आत गठ्ठा होतो, पँट बसते वाईट. म्हणून धाकट्याची रीत अशी की टीप मारली, की जादा कापड छाटून टाकायचं. काम कसं सुबक. मास्तर आजारी असताना त्यांच्या सहा पँटी धाकट्यानंच आवळल्या होत्या, आणि आपल्या रीतीनं छाटल्या होत्या. पुढे मास्तरांचं वजन पुन्हा चौदा किलोंनी वाढलं आणि त्या सहांतली एकही मांडीच्या वर चढेना. मास्तरांनी नव्या दोन पँटी शिवून घेतल्या आणि भावाला चकार शब्द विचारला नाही. विचारायचं होतं ते एवढंच: कापलंस ते सवयीनं, की मी परत भरत नाही असं धरून चालला होतास? एका दुकानात, चार हातांच्या अंतरावर, हा प्रश्न दीड वर्ष पडून होता.

ड्रायव्हरसाहेबांची पँट मास्तरांनी स्वतः शिवली. मशीनवर भरवसा नव्हता, म्हणून हातानं. एका शिवणीला अख्खी दुपार गेली. जादा कापड आत तसंच ठेवून त्यांनी इस्त्री फिरवली.

"आत गठ्ठा राहिलाय, दादा," धाकटा म्हणाला.

"राहू दे."

पुढच्या शनिवारी आणखी दोन पँटी आल्या, मग एक लेंगा, मग कुणाच्या आईचा झगा. महिनाभरात मास्तर कामाला लागले. तरी मनाचं तळ्यात-मळ्यात सुटेना. देवानं एवढा खटाटोप करून माणूस वाचवला, तो काय पँटी आवळायला?

आणि मग एका सकाळी ड्रायव्हरसाहेबांची बायको दुकानात आली. हातात तीच पँट, घडी घातलेली. ड्रायव्हरसाहेब जाऊन तीन आठवडे झाले होते. मास्तर उठून उभे राहिले आणि आपलं स्टूल त्यांना दिलं.

"आत कापड कशाला ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"रोज तिथे बोट लावून बघायचे. म्हणायचे, मास्तरांनी जागा ठेवलीय, म्हणजे त्यांना काहीतरी माहीत असणार. ते बरे झालेले आहेत ना. शेवटपर्यंत मला निरवानिरवीचं एक अक्षर बोलू दिलं नाही. मला तुमचा फार राग आला, मास्तर. आणि त्या दिवशी ते हसले, तसे नंतर कधी हसले नाहीत, तेही आठवतं. आता तुम्हीच सांगा, मी तुम्हाला काय म्हणू?"

"मला काही माहीत नव्हतं, वहिनी," मास्तर म्हणाले. "खरंच नव्हतं."

वहिनींनी पँट पुढे केली. "उसवून द्या. पहिली होती तेवढी करून द्या."

"कुणाला घालायचीय?"

"कुणाला नाही. मला त्यांचं माप परत हवंय."

मास्तर उसवायला बसले. बोटांना दोरा कळत नव्हता, डोळ्यांत पाणी, त्यामुळे दिसतही नव्हता. दोनदा सुई टोचली, रक्त दिसलं तेव्हा समजलं. धाकटा मशीन थांबवून बघत राहिला. शिवण सुटली, आत दुमडून राहिलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद, नव्यासारखं निघालं. ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोनं त्या गडद पट्ट्यावरून हात फिरवला, पँट छातीशी धरली आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

"मी नाही जायचा आता शनिवारी," मास्तर म्हणाले. "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. ठेवलं तर खोटी आशा. कापलं तर..."

पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं. पण धाकट्याला ते ऐकू आलं असावं. तो उठला, कटिंगच्या टेबलाखालचा खण ओढला आणि एक पुडकं काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. आत कापडाच्या बारा पट्ट्या होत्या, लांब, निमुळत्या, जोडीजोडीनं गुंडाळलेल्या. मास्तरांनी राखाडी ओळखली, मग लग्नातली निळी ओळखली.

"हात सवयीनं चालला, दादा," धाकटा म्हणाला. मान खाली. "सहावी छाटून झाली आणि मग कळलं मी काय केलं ते. टाकवल्या नाहीत. तुला सांगायचं धाडसही झालं नाही."

मास्तरांनी पट्टी बोटांत धरली. बोटांना ती लागत नव्हती, म्हणून गालाला लावून बघितली.

"पुन्हा जोडता येतील?"

"येतील. पण जोड दिसेल."

देवानं कशासाठी ठेवलंय ते आजही कळलं नव्हतं, आणि येत्या शनिवारी कुणी विचारलं, की आत कापड ठेवायचं की नको, तर काय सांगायचं तेही नाही.

"दिसू दे," ते म्हणाले. "निळी आधी घे. शनिवारी घालून जातो."