दोन वायरी, एक वाट

आमच्या कोल्हापूरच्या इस्पितळात ‘नेट स्लो आहे’ असं अक्कांसमोर म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर असोत की कारकून, त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, “स्लो म्हंजे काय? फाइल सावकाश उतरतीय, का बोललेलं उशिरा पोचतंय? दोन्ही येगळं हाय की!” मग स्वतःच समजावत, “रस्ता रुंद केला तर गाड्या जास्त जातील. पण त्यानं जोतिबाचा डोंगर जवळ येतोय व्हय?” बँडविड्थ, म्हणजे वाटेची रुंदी, आणि लेटन्सी, म्हणजे पोचायला लागणारा वेळ, यांतला फरक मी पुस्तकात वाचला होता, कळला तो अक्कांच्या टेबलाशी.

अक्का आमच्या नेटवर्क विभागाच्या प्रमुख. माहेर गडहिंग्लजच्या पुढचं, घरी कानडी. ‘मॅडम’ त्यांना कधी चिकटलंच नाही. नव्या मजल्याचं वायरिंग ठरलं की नकाशा उघडण्याआधी त्या तिथल्या नर्सेसजवळ जाऊन बसत. म्हणत, “कोण, कधी, काय पाठवतंय ते आधी बघायचं. मशिनीची खोकी काय, मागनं बसवता येत्यात.”

आजऱ्याला आमचं छोटं केंद्र होतं. तिथले सीटी स्कॅन कोल्हापुरातले तज्ज्ञ बघत. एक लाइन तुटली तर दुसरी असावी, म्हणून अक्कांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या. एका दुपारी रस्त्याच्या खोदकामात दोन्ही एकदम बंद पडल्या. नेमका तेव्हाच तिकडे पक्षाघाताचा रुग्ण आला होता, एक शिक्षक. अक्कांनी तिथल्या तंत्रज्ञाला फोन लावला. “मोबाइलवरनं पाठवा. स्कॅनचा सगळा संच न्हाय जायचा त्यातनं. डॉक्टर सांगत्यात तेवढेच फोटो.” फोटो आले, उपचार सुरू झाले. पण मोलाचा पाऊण तास गेला होता.

दोन्ही वायरी एकाच पुलावरून, एकाच पाइपातून जात होत्या आणि खोदकाम त्या पुलापाशीच चाललं होतं, हे नंतर कळलं. बैठकीत सगळे कंपन्यांवर खापर फोडायला तयार. अक्का उठल्या. “त्यांनी ‘वाटा येगळ्या’ म्हणून कागद दिला, मी सही केली. वायर कुठनं जातीय ते बघायला गेले न्हाय. चूक माझी.” दुसऱ्या दिवशी मला गाडीत घालून त्या आजऱ्यापर्यंत गेल्या आणि वाटेतला प्रत्येक पूल खाली उतरून पाहिला. महिन्याभरात दुसरी लाइन वेगळ्या रस्त्यानं वळवून घेतली.

निवृत्त होऊन मुलीकडे बेळगावला जायच्या आठवड्यात अक्का मला म्हणाल्या, “संगीता, त्या गुरुजींकडं जाऊन येऊ.”

दार गुरुजींनीच उघडलं. चालत होते, बोलणंही बरंच सुधारलं होतं. उजवा हात मात्र लुळा. अक्का उंबऱ्याबाहेरच थांबल्या. “गुरुजी, तवा तुमचे फोटो उशिरा पोचले. लाइन माझ्या हाताखालची, ती बंद पडली. म्हणून उशीर झाला.”

आतून गुरुजींच्या पत्नी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कुणी सांगितलंच न्हाय हो,” त्या म्हणाल्या. “मी आजवर समजत हुते, मीच दवाखान्यात न्यायला उशीर केला.”

गुरुजींनी डाव्या हातानं खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश म्हणाले, “आत या. बसा.”