जामीनदार गप्प का झाला

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. त्याचे तपास अधिकारी माझे बाबा होते. बाबा सोलापूरहून निवृत्त झालेले पोलीस निरीक्षक. आपल्या इतर केसेस ते स्वतः लिहितात. ही मात्र मी लिहावी, असा त्यांचा हुकूम आहे. "तपास माझा, पण फिर्यादी तू होतीस," ते म्हणाले. नाव कुणाचंही घ्यायचं नाही हा त्यांचा नियम मी पाळते आहे.

मी अमेरिकेत, पार्सिपनीला राहते. माझा नवरा इथेच जन्मलेला, अमेरिकन नागरिक. लग्नानंतर त्याने माझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. अशा अर्जात नवऱ्याला लिहून द्यावं लागतं की बायकोचा खर्च मी उचलेन, आणि तेवढं उत्पन्न दाखवावं लागतं. आमची अडचण तिथेच होती. त्याने कंपनीतली नोकरी सोडून सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. दुकान चालायला लागलं होतं, पण टॅक्स रिटर्नवर पहिल्या वर्षाचं उत्पन्न कमी पडत होतं. अशा वेळी दुसरा कुणी इथला रहिवासी सहप्रायोजक म्हणून सही करू शकतो. त्याचे वडील हयात नाहीत, आई पेन्शनवर. राहिले त्याचे काका. काका लगेच हो म्हणाले.

आणि मग गप्प झाले. आधी त्यांचा सीए बिझी होता, मग ऑफिसात गडबड होती, मग ते फोनच उचलेनात. इकडे सरकारकडून नोटीस आली की पुरावा मुदतीत द्या, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल. माझा स्टुडंट व्हिसा संपला होता. अर्ज गेला असता तर मला परत जावं लागलं असतं, आणि तो दुकान सोडून कसा येणार?

बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "एवढंच ना? मी राहतो जामीन."

"बाबा, तुम्ही टुरिस्ट आहात. इथे राहणाराच लागतो," नवरा म्हणाला.

"म्हणजे स्थानिक जामीनदार. बरोबर आहे, आमच्याकडेही कोर्ट तेच मागतं." बाबा म्हणाले, "हो म्हणून मागे फिरलेला जामीनदार मी खूप पाहिलाय. पैशाला घाबरणारा पहिल्याच दिवशी नाही म्हणतो. नंतर फिरला, म्हणजे मध्ये काहीतरी घडलं."

बाबांची ठाण्याची सवय गेलेली नव्हती. पहाटे उठून दाढी, मग आमच्या कॉम्प्लेक्सभोवती राउंड. आठवड्याभरात त्यांची पोस्टमनशी, कुत्री फिरवणाऱ्यांशी आणि डबे देणाऱ्या एका मावशींशी ओळख झाली. खबर मावशींकडूनच आली. त्या काकांकडेही डबा देत.

"तुमच्या मुलीचं घरी सगळं ठीक आहे ना हो?" त्यांनी पार्किंगमध्ये हळूच विचारलं. "नाही, तिकडे काकू काळजीत होत्या. ही दोघं टिकायची नाहीत म्हणत होत्या."

घरी येऊन बाबांनी मला काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "रविवारी काकांकडे जेवायला जाऊ. तुम्ही अर्जाचं नाव काढायचं नाही."

रविवारी ते काकांना सरळ गॅरेजमध्ये घेऊन गेले. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले आणि दाराशीच थांबले.

"व्याही, गाडी छान ठेवलीत."

"थँक्यू, साहेब."

"तुम्ही सही का थांबवली?"

काका काहीच बोलले नाहीत. बाबाही नाही. प्रश्न विचारल्यावर आपण गप्प बसायचं, समोरच्याला ती शांतता सोसत नाही, असं ते नेहमी सांगतात. काकांना सोसली नाही.

"हिवाळ्यात त्यांचं हीटिंग बंद पडलं तेव्हा दोघं आठवडाभर आमच्याकडे होती. साहेब, ती त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती. तो सोफ्याच्या या टोकाला, ती त्या खुर्चीत, दोघं आपापल्या फोनमध्ये. तो जवळ येऊन बसला की ही उठून किचनमध्ये. घटस्फोट झाला तरी त्या सहीची जबाबदारी सुटत नाही, वकिलाने सांगितलंय मला. माझी रिटायरमेंट जवळ आलीये, यार. तुम्हीच सांगा."

वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला खेटून बसायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही, मी नुसतं पाहत आले आहे. आई आजोबांसमोर बाबांच्या शेजारी कधी बसली नाही. मला वाटलं होतं, काकांच्या घरी मी अगदी नीट वागले.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "ठीक. जेवताना तुम्ही पंच म्हणून बसा. फक्त बघायचं."

जेवायला बसल्यावर ते काकूंना म्हणाले, "वहिनी, माझ्या मुलीला पुऱ्या वाढा. ती लाजते."

काकूंनी दोन वाढल्या. बाबांनी आणखी दोन वाढायला लावल्या. मी मान खाली घालून नको म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाला नवऱ्याच्या खिशात फोन गुरगुरला. त्याने पाहिलं आणि हात लांब केला.

"काकू, तिच्या पुऱ्या मला द्या ना. आय ॲम स्टार्व्हिंग."

"पाहिलंत?" बाबा काकांना म्हणाले. "आल्या दिवसापासून बघतोय. हिचा अंगठा हलतो, त्याचा फोन वाजतो, आणि तो उठून पंखा कमी करतो. गप्प कोण आहे इथे? दिवसभर बडबड चालू असते दोघांची."

काकूंनी पुऱ्यांचं ताट खाली ठेवलं. "अगं बाई! म्हणजे फोनमध्ये तुम्ही एकमेकांशीच..."

नवऱ्याचे कान लाल झाले होते. "काका, तुमचा खोकला वाढला होता ना तेव्हा? मी आणून दिलेला काढा मी नव्हता केला. तिने केला. मला टेक्स्ट केलं, तू नेऊन दे, मला ऑकवर्ड होतं."

"तरीच," काका म्हणाले. "तुला साधा चहा जमत नाही."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काहीतरी बोलायला हवं होतं. वाक्य सुचेना, मराठीत नाही आणि इंग्लिशमध्येही नाही. मी ताट उचललं, टेबलाला वळसा घालून गेले आणि नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. खुर्ची ओढून अगदी जवळ.

काका बराच वेळ आमटी ढवळत राहिले. "अगं, हे हिवाळ्यातच केलं असतंस तर," ते शेवटी म्हणाले. "टॅक्स रिटर्न्स काढून ठेवलेत मी केव्हाचे. हात धुऊन आलो की सही करतो."

ग्रीन कार्ड आलं त्याला आता काही महिने झाले. या केसमधून काय शिकलात, असं मी बाबांना परवा फोनवर विचारलं. ते म्हणाले, "ठाण्यात गप्प बसणाऱ्या माणसावर आमचा पहिला संशय जायचा. तो मनात काय बोलतोय हे ऐकायला कुणाला सवड नव्हती. घरात तरी असावी." मी माझ्यापुरतं एवढंच शिकले की जे मी बोलत नाही ते समोरचा आपल्या मनाने भरून काढतो, आणि माझ्यावर माया असली तर काळजीनेच भरतो. म्हणून आता काकांकडे गेले की मी सोफ्यावर बसते.

त्या रविवारी परत येताना बाबा पुढे नवऱ्याशेजारी बसले होते, मी मागे. कुणी काही बोलत नव्हतं. अचानक माझा फोन वाजला. बाबांचा मेसेज होता. त्यांनी आयुष्यात मला केलेला पहिला.

"पाणी आहे का?"

मी बाटली पुढे दिली.