मंगळावर आधी कोण उतरलं

आमच्या पडेगावात मुंजाबा भावजी ऱ्हातेत. रॉकेटच्या कादंबऱ्या लिव्हणारा गल्लीतला हा एकटाच गडी. तरुणपणी मेंढरं राखली, तीबी खुलताबाद ते पैठण, एवढ्याच मुलखात. पण चंद्राच्या पोटात दोनदा जाऊन आलेत. आता एका सोसायटीच्या गेटावर वॉचमन हायेत. बाहेर गाड्या हॉर्न वाजवतेत आणि हे बसलेत शनीच्या कड्यावर!

लिव्हलं की बायकोला, बानाबाईला, वाचून दाखवायचं. ती पेंगली की तेवढा भाग कापायचा. तिनं शेवटापोतर ऐकल्याबिगर कादंबरी छापायला जातच नाय. औंदाची मंगळावरची होती. दिवाळीच्या आत छापखान्यात द्यायची, नायतर वर्ष गेलं.

वाचायच्या पहिल्याच दिवशी गाडी अडली. मी शेजारीण, तिथंच शेंगा फोडत बसले होते. कादंबरीत धनगराचे बहाद्दर गडी मेंढरं घेऊन मंगळावर उतरले. वादळ आलं, तंबू उडाला, सगळे उपाशी.

बानाबाई म्हणली, "बाया कुठंयत?"

"मागून येत्यात. दुसऱ्या यानात."

"मागून? मग मला नाय ऐकायचं."

"अगं बानू, ही कादंबरी हाय!"

"असू द्या. मेंढरांचा वाडा दुसऱ्या रानात हलला की घोड्यावर बिऱ्हाड लादून आधी कोण जायचं? तुमची मेंढरं पोचोस्तोर चूल पेटवून कोण बसायचं? बाया मागं ठेवल्या, मग उपाशी मरतील नायतर काय!"

मी म्हणलं, "भावजी, खरंय की. तुम्हाला घरातली मच्छरदाणी बांधता येत नाय, तंबू उडणारच."

"वैनी, तुम्ही शेंगा फोडा."

हप्ताभर तेच. भावजींनी वाचायला घेतलं की बानाबाई पाणी आणायला उठायची. छापखान्याचा फोन आला की भावजी म्हणायचे, "व्हायलंय, व्हायलंय."

शेवटी नव्यानं लिव्हलं. बायांचं यान आधी. त्यात घोडं, भांडी, पोरं, वर कोंबड्यांची डालगी. दार उघडलं आणि मंगळावर पहिला पाय कोंबडीनं ठेवला. गडी उतरले तवा वादळ आलंच, पण चूल पेटलेली, भाकरी तयार. उपासमारीची सगळी प्रकरणं गेली, कादंबरी पातळ झाली.

बानाबाईनं शेवटापोतर टक्क डोळ्यानं ऐकलं.

"पण साहस ऱ्हायलंच नाय," भावजी कुरकुरले.

"कामून नाय? वादळात त्या कोंबडीचं काय झालं, ते कुठंय?"

भावजींनी छापखान्याला फोन लावला. "उद्या आणून देतो," म्हणले. मग बायकोकडं बघितलं. "नाय, परवा."