पुस्तकातली बायको

लेखकांवर माझा विश्वास नाही, आणि लेखक शेजारी राहत असेल तर मुळीच नाही. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत मल्हारीसरांना मोठा मान. निवृत्त शिक्षक, आणि स्वतःच्या संसारावर लिहिलेल्या एका पुस्तकामुळे महाराष्ट्रभर नाव. सत्काराला निघाले की सर पुढे आणि त्यांची बायको, लताबाई, मागून शाली सांभाळत.

लताबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. नोकरी, घर, दोन पोरं, सगळं एकटीनं ओढलं. पुस्तक मात्र त्यांनी कधी वाचलं नाही. "तुझ्यावरच लिहिलंय, तुला काय वेगळं वाचायचंय?" असं सर म्हणाले आणि बाईंनी ते खरं मानलं. समारंभात मुली हात धरून विचारायच्या, "पुस्तकातल्या त्या तुम्हीच ना?" तेव्हा बाईंचा चेहरा असा फुलायचा की मला हेवा वाटायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढं एकच मिरवलं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकायची. बायकोवर पुस्तक लिहायचं आणि बायकोलाच वाचू द्यायचं नाही, हे कशासाठी?

यंदा त्या पुस्तकावर सिनेमा काढायचं ठरलं. त्यात बायकोचं काम करणारी नटी, चैताली, बाईंकडे येऊन बसू लागली. बाई चालतात कशा, पदर खोचतात कसा, सगळं बघायची. मीही मुद्दाम भाजी निवडायला तिथेच जायचे. सिनेमावाल्यांचा काय भरवसा! पण सरच जास्त घुटमळत होते. "हिला त्रास देऊ नका, काय हवं ते मला विचारा," असं सारखं चाललेलं. एवढी धास्ती कसली, मला कळेना.

रविवारी सर दाढी करायला गेले होते, तेव्हा चैतालीनं एक प्रसंग वाचून दाखवला. डोंगरातल्या हरसूल गावची सरांची शाळा. सरांच्या आईनं पाठवलेला डबा सकाळच्या एसटीनं येतो. बायको तो उघडते, नवऱ्याला वाढते, शेजारी बसून स्वतःही जेवते. मग डबा राखेनं घासून परतीच्या गाडीत ठेवते.

"मावशी, डबा घासताना तुम्ही कशा बसायचात?"

लताबाईंनी मान हलवली. "मी हरसूलला कधी गेलेच नाय. हे तिकडं मास्तर होते तवा मी पोरांना घेऊन इथंच होते. डबा मी पाठवायचे."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. पुस्तक मी दोनदा वाचलंय, पण ही बाई दुसरीच कुणी असेल हे मला कसं कळणार?

तेवढ्यात सर आले. चैतालीच्या हातातले कागद बघून दारातच थांबले.

"कोण होती हो ती?" बाईंनी विचारलं.

"लता, लिहिताना थोडं इकडचं तिकडं होतंच..."

"डबा लख्ख होऊन यायचा. मला वाटायचं, माझा हात दुखतो म्हणून तुमी घासून पाठवता." बाईंचा आवाज जराही चढला नाही. मला मात्र सरांची भयंकर चीड आली.

"ती जेवायची का त्यातलं?"

सरांनी मान खाली घातली. "हो."

"डोंगरात भूक लय लागते म्हणून दोन भाकरी जास्ती मागवायचात," लताबाई म्हणाल्या. "पोरांच्या ताटातल्या काढून पाठवल्या मी."