गच्चीवरचा कोट

आमचे हे गेले, तेव्हा तेराव्याला त्यांचे सगळे कपडे देऊन टाकले. शर्ट, पँटी, स्वेटर, लग्नकार्यात घालायचा बंद गळ्याचा कोटसुद्धा. उरला तो एक खाकी लोकरीचा कोट, गच्चीवर घालायचा. त्याच्या खांद्यांवर आणि बाह्यांवर कबुतरांची घाण इतकी मुरली होती की तो कुणाच्या हातात ठेवायची मला लाज वाटली. म्हणून तो जिन्यातल्या खुंटीवर तसाच राहिला. चांगलं होतं ते गेलं आणि हे ध्यान तेवढं माझ्या वाट्याला आलं.

ग्वाल्हेरला दर्पण कॉलनीत आमचं लहानसं दुमजली घर आहे. वर गच्ची आणि गच्चीवर ढाबळ, म्हणजे लाकडी फळ्यांचं आणि जाळीचं कबुतरांचं घर. यांनी ते स्वतःच्या हातांनी ठोकून उभं केलेलं. यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे लढायला आले म्हणे. सासरी त्याचा फार तोरा. यांच्या वाट्याला घोडा आला नाही, सरकारी कचेरीतली कारकुनी आली, आणि सगळा शिपाईबाणा कबुतरांवर खर्च झाला. सकाळी कचेरीच्या आधी वर, संध्याकाळी आल्या-आल्या वर. हे वर, मी खाली आणि मध्ये जिना, असा आमचा संसार. "अगं, चहा!" एवढं वरून यायचं आणि कप वर जायचा. त्या कबुतरांचा मला राग होता, हे स्पष्टच सांगते. एकच सवत असती तर भांडता तरी आलं असतं. इथे अख्खी ढाबळ भरून घुमत बसलेल्या.

त्यामुळे हे गेल्यावर मी पहिल्यांदा कबुतरंच देऊन टाकली. कंपू भागात राहणाऱ्या, यांच्या ओळखीच्या एका कबुतरांच्या शौकिनाने ती टोपल्यांतून नेली, काही दिवस कोंडून ठेवली आणि मग विश्वासाने सोडली. त्याच संध्याकाळी सगळी आमच्या गच्चीवर हजर! त्याने पुन्हा नेली, ती पुन्हा आली. शेवटी तो फोनवर म्हणाला, "भाभीजी, ये आप ही रखो. इनका घर वही है."

घर हेच होतं, पण मी त्यांच्या ओळखीची नव्हते. कबुतरं सकाळ-संध्याकाळ उडायला सोडतात आणि मग दाणे दाखवून खाली उतरवतात. ती वरच राहावीत असं वाटलं तर बांबूला फडकं बांधून हलवतात. फडकं हललं की ती उतरत नाहीत. आता माझा पदर! दाण्यांचं ताट घेऊन मी वर जायची, वाऱ्याने पदर फडफडायचा आणि सगळी कबुतरं आणखी वर जायची. पदर खोचला तरी ती समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीवर बसून माझ्याकडे संशयाने बघायची. जन्मभर दाणे मी निवडले, बाजरीतले खडे मी काढले, आणि ओळख मात्र कुणाला नाही. मला रडू आलं, रागाने.

मग एका थंडीच्या संध्याकाळी वर जाताना मी खुंटीवरचा तो कोट अंगात घातला, केवळ गारठा होता म्हणून. बाह्या बोटांवर येत होत्या. मी ताट वाजवलं आणि सगळीच्या सगळी खाली आली, एक तर थेट माझ्या खांद्यावर बसलं. त्यांना माणूस कळत नव्हतं, कोट कळत होता. मी पुतळ्यासारखी उभी राहिले. यांच्या खांद्यावर बसायची त्या जागी ती माझ्यावर बसत होती, आणि त्या कोटात यांचा वास अजून थोडा होता. त्या दिवसापासून मी रोज कोट घालू लागले, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातसुद्धा. घामाने निथळायची, पण घालायची.

मांजरांचा त्रास त्यानंतर सुरू झाला. आमच्या ओळीत पूर्वी मराठी घरं बरीच होती. एकेक करून म्हातारी माणसं मुलांकडे गेली, पुण्याला, नोएडाला, कुणी थेट परदेशी. घरांना कुलुपं लागली. आमच्या शेजारचं घर तर किती तरी वर्षं बंद आहे. त्याच्या फुटक्या खिडकीतून मांजरं आत शिरली आणि तिथेच नांदायला लागली. माणसं गेली की घराचं काय होतं, ते मी रोज आमच्या कठड्यावरून बघत होते. त्यातला एक बोका कान फाटलेला, जाडजूड. कबुतरं उतरून दाणे टिपायला लागली की हा शेजारच्या गच्चीवरून यायचा. एका संध्याकाळी त्याने माझ्या देखत यांची आवडती म्हातारी मादी उचलली. गच्चीवर नुसती पिसं राहिली. मी ती गोळा करत बसले. मला त्यांचा राग होता ना? मग छातीत असं का तुटावं?

मुलगा बंगळुरूला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, तू इकडेच चल ना. किती दिवस एकटी राहशील? कबुतरं-बिबुतरं छोड़ दे अब." मी नेहमीचं उत्तर दिलं, "आणि त्यांना उतरवणार कोण?" ते माझं हुकमी कारण होतं. खरं कारण निराळं. तिकडे नवव्या मजल्यावर सगळे सकाळी निघून जातात आणि मी दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसते. एकटंच बसायचं तर स्वतःच्या घरात बसावं, असं मला वाटतं. पण कबुतरं संपली असती तर कारणही संपलं असतं, आणि मुलाला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून कबुतरं वाचवणं भाग होतं.

कॉलनीच्या मागच्या नाल्याकडे एका कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक काळं मादी पिल्लू मी उचलून आणलं. नाव काही ठेवलं नाही. तोंडात आलं ते "अगं", तेच लागू पडलं. मी जन्मभर शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळला आहे, त्यामुळे शिकवायची मला भीती नव्हती. आधी बसायचं, मग गप्प बसायचं, बाकीची विद्या त्यानंतर.

पिल्लाला पहिल्या दिवशी कबुतरं म्हणजे खेळणी वाटली. मी दोरी तिच्या गळ्यात आणि दुसरं टोक कोटाच्या पट्ट्याला बांधलं. कबुतरं दाणे टिपत असली की ती झेप घ्यायची. मी "अंहं" म्हणायची आणि तिचं तोंड दुसरीकडे वळवायची. आपणहून तोंड वळवलं की दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा. जेवणाचा क्रम ठरवून दिला: आधी कबुतरं, मग ती, मग मी. आमच्या सासरी बायका शेवटीच जेवायच्या, तेव्हा मला काही नवीन नव्हतं. तिला मात्र फार राग यायचा. कबुतरांच्या ताटाकडे बघून ती अशी काही कुरकुरायची की मला माझंच तरुणपण आठवायचं. एकदा अंड्यांवर बसलेल्या मादीने तिच्या नाकावर टोच मारली आणि निम्मं शिक्षण तिथेच पुरं झालं. पुढे ती ढाबळीच्या दारासमोर पोट टेकून झोपू लागली आणि कबुतरं तिच्या पाठीवरून चालू लागली.

मांजराचा धडा मात्र तिला काही केल्या येईना. बोका पहिल्यांदा कठड्यावर दिसला तेव्हा ही शहाणी माझ्या कोटामागे लपली. आता हिला दाखवायचं कसं? शेवटी मीच भुंकले. हो, मीच! साठी उलटलेली बाई, नवऱ्याचा कोट अंगात, कठड्याकडे धावत जाऊन मी भो-भो केलं. बोका उडालाच. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी शेजारीण तिथूनच ओरडली, "आंटीजी, तबियत तो ठीक है ना?" मी म्हटलं, "बिल्ली भगा रही हूँ." ती म्हणाली, "कुत्ता तो चुप बैठा है!" ती हसली आणि मीही हसले. बऱ्याच दिवसांत हसले नव्हते म्हणून की काय, ते हसू मला कितीतरी वेळ आवरेना.

आठवडाभर मी भुंकले. मग एका संध्याकाळी ती माझ्याबरोबर भुंकली, आणि त्यानंतर मला भुंकावं लागलं नाही. कबुतरांच्या मधून न धावता कठड्याकडेने वळसा घेऊन ती बोक्यावर जायची आणि परत येऊन ढाबळीच्या दारात आडवी पडायची. मला इतका अभिमान वाटला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.

कबुतरांनाही तिची सवय झाली. एकदा तिला लस टोचायला डॉक्टरकडे नेलं आणि यायला उशीर झाला. मी कोट घालून ताट वाजवलं, तरी कबुतरं टाकीवरच घोटाळत राहिली. कुत्री मागाहून जिना चढून दारात पडली तेव्हा उतरली. मी तेव्हा त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. कोटावर माझा फार विश्वास होता.

या हिवाळ्यात मुलगा आला, एकटाच. ग्वाल्हेरची थंडी तो विसरून गेला होता. अंगात एक पातळ जाकीट. सकाळी मी स्वयंपाकघरात होते. त्याने खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला आणि दाण्यांचं ताट घेऊन वर गेला. मी चहाचा कप घेऊन मागून गेले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. समोर यांची पाठ होती. तोच थोडा वाकलेला डावा खांदा, तीच मान. कबुतरं भराभर त्याच्या खांद्यांवर, हातांवर उतरत होती. लहानपणी यांनी त्याला कधी ढाबळीजवळ फिरकू दिलं नव्हतं. हात लावशील, दार उघडं टाकशील, म्हणून. तो हलत नव्हता. मग न वळताच म्हणाला, "आई, देख, उतर आईं. माझ्याकडे पण."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, झालं, माझी गरज संपली. कोट घालून कुणीही उभं राहावं, माझ्यावाचून काही अडलेलं नाही. कुत्री तेवढी ढाबळीच्या दारातून उठली, त्याच्याकडे न बघता माझ्यापाशी आली आणि माझ्या पायावर अंग टाकून बसली.

वाटलं, आता तो म्हणणार, बघ, कुणालाही जमतं, तू चल. तो तसं काहीच म्हणाला नाही. निघायच्या दिवशी बॅग भरताना जिन्यात घुटमळला आणि म्हणाला, "आई, बाबांचं सगळं देऊन टाकलं ना तेव्हा. माझ्याजवळ काहीच नाहीये त्यांचं. हा कोट मी घेऊन जाऊ?"

मी त्याला सांगू शकले असते की अरे, या कोटाशिवाय ती उतरत नाहीत, अंधारापर्यंत बाहेर राहिली तर मांजरं खातील. पण त्याचा चेहरा बघितला आणि नाही म्हणवेना. "ने," म्हटलं. "धुऊ नकोस मात्र." त्याने घडी न घालता तो तसाच अंगात चढवला आणि रिक्षात बसला. रिक्षा वळेपर्यंत मी यांची पाठ बघत होते.

त्या संध्याकाळी वर जायचं मी टाळत बसले. कुत्री दाराशी येऊन कुरकुरली, तेव्हा गेले. अंगावर माझी शाल, पदर कमरेला घट्ट खोचलेला. कबुतरं सोडली, ती फिरली. ताट वाजवलं, ती टाकीवर जाऊन बसली. पुन्हा वाजवलं, तशीच बसून राहिली. किल्ल्यामागे सूर्य जायला लागला. शेजारच्या बंद घराच्या खिडकीत तो फाटक्या कानाचा बोका येऊन बसला, निवांत, ताट मांडायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा. मला वाटलं, आता एकेक करून जातील, मग मी जाईन, मग या घरातही मांजरं. मी ताट खाली ठेवलं आणि कठड्याला टेकून खाली बसले.

कुत्री बोक्यावर गेली, वळसा घालून, शिकवल्याप्रमाणे. तो खिडकीतून आत पळाला. मग ती परत आली, ढाबळीच्या दारासमोर आडवी झाली आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. जरा वेळाने एक कबुतर उतरलं, तिच्या पाठीवर. मग दुसरं, मग सगळी. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून उतरली. ताट माझ्या पायाशी होतं, म्हणून दाणे टिपत टिपत ती माझ्या शालीपर्यंत आली आणि एक तर पदरावरच उभं राहिलं. पदर हलू नये म्हणून मी तशीच बसून राहिले.

सगळी आत गेल्यावर दार लावलं. "अहो, उतरली हो!" मी मोठ्याने म्हणाले आणि सांगायला जिन्याकडे निघाले. दोन पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं की खाली कोणी नाही, आणि हे तर खाली कधीच नसायचे. मी परत वर आले. कुत्री अजून जेवायची होती. तिच्यापुढे पोळी ठेवली, तिच्याजवळ बसले, आणि सगळी हकिगत पहिल्यापासून तिलाच सांगितली.