पुढची एकच खुर्ची

वालीवच्या कारखान्यात बनलेली यंत्रं बसवायला माझे पती विमानाने चेन्नईला जात. दर फेरीला पॉइंट जमत. ते साठवले की पुढच्या वर्गाची खुर्ची फुकट मिळते हे कळल्यापासून त्या पडद्यापलीकडे काय असतं, याचं त्यांना भारी कुतूहल. आम्ही दोघं सुट्टीला निघालो तेव्हा पॉइंट एकाच खुर्चीपुरते भरले.

"तू बस पुढे," ते म्हणाले.

"हौस तुमची आणि बसू मी?"

"मी झोपून जाईन. तू नीट बघशील."

पुढे गरम रुमाल मिळाला, काचेच्या पेल्यात सरबत आलं. मग हवाई सुंदरीने चिनी मातीच्या बशीत आमच्या निर्मळची सुकेळी आणून ठेवली.

"मागच्या साहेबांनी पाठवलीत."

वाळवलेली केळी तिने कधी पाहिली नव्हती. मी तिलाही एक दिलं.

उतरल्यावर टॅक्सीभर त्यांचे प्रश्न. पाय पूर्ण लांब होतात? रुमालाला वास कसला? मी सगळं सांगितलं.

"झालं तर मग, बसलो मी पुढे," ते म्हणाले.

पॉइंट पुन्हा भरले नाहीत. यंदा माझे पती वारले. त्या रुमालाचा वास मी आठवून पाहते, पण आठवतो तो सुकेळ्यांचाच.