गिटारवरचं नाव

सलीमच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी चक्कीवर दळणाच्या रांगेत उभा होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. डबा तिथंच ठेवला आणि मिळेल त्या एसटीनं खामगावहून पिंपळगाव राजाला निघालो. त्याला आता महिना उलटला. सलीमचा माझ्यावर एक राग आहे, तो कधीतरी बाहेर पडेल, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. तो न काढताच हा माणूस गेला, म्हणून मला त्या दिवशी धड रडूही येईना.

सलीम पेशानं सुतार. एरवी दिवाण-कपाटं करायचा आणि लग्नसराईत आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मी कीबोर्डवर. तो असा वाजवायचा की पंगतीतली माणसं ताट सोडून ऐकायला यायची, आणि ताटावरून उठणारी माणसं आमच्या जिल्ह्यात फार नाहीत. त्याची इलेक्ट्रिक गिटार जुनी, विलायती. हात थरथरायला लागले म्हणून अकोल्याच्या एका म्हाताऱ्या वादकानं ती त्याला देऊन टाकली होती. परदेशातल्या कुणा नामांकित वादकानं स्वतःच्या सोयीनं सांगून घडवून घेतलेला तो नमुना, आणि तशा मोजक्याच गिटारी त्याच्या सहीनिशी निघालेल्या. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा सलीम मला दाखवायचा ते लाकूड. मागं पोट टेकतं तिथं खोलगट कोरलेलं. दांडीशेजारी शिंगासारखं पुढं आलेलं खालचं टोक आखूड, म्हणजे हात शेवटच्या सुरापर्यंत जावा. आवाजाचं बटण एकच, तेही तारांच्या इतकं जवळ की वाजवता वाजवता करंगळीनं फिरवावं. "ज्यानं हे असं सुचवलं, त्याले बजावनं समजत होतं बे," तो म्हणायचा आणि त्या खोलगट भागावरून हात फिरवत राहायचा.

गिटारच्या डोक्यावर, खुंट्यांच्या मधोमध, एक वळणदार इंग्रजी नाव होतं. आमच्याकडं जुनं भांडं घेतलं की आधीच्या मालकाचं नाव घासून काढतात आणि आपलं घालून घेतात. मी शहाणपणा केला. म्हटलं, "दुसऱ्याच्या नावाचं भांडं कोनी घरात ठेवते काय? घासून टाक." सलीम माझ्याकडं बघून हसला. "हाव, घासतो." पॉलिश पेपरनं नाव घालवलं, वरून पॉलिश मारलं. मग आम्ही दोघं शेगावला भांड्यांच्या दुकानात गेलो आणि गिटारच्या पुढच्या धातूच्या पट्टीवर मशीननं टिंब टिंब करून 'शे. सलीम, पिंपळगाव राजा' घालून घेतलं. दुकानदारानं सवयीनं विचारलंही, "कोनाकडून भेट लिहू?"

पुढं डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला, आमच्या भेटी कमी झाल्या. मग शबानानं मोबाइलवर टाकलेला फोटो बघून पुण्याहून एक संग्राहक आला. सलीमनं मलाही बोलावलं होतं. पाहुण्यानं हातमोजे घातले, गिटार उलटीसुलटी केली, खूश झाला... आणि डोक्यापाशी थांबला. "काका, सही कुठंय?"

"मीच घासली," माझ्या आधी सलीम बोलला.

"अहो, सहीच तर हिची ओळख होती! ती असती तर तुमचं नवं दुकान उभं राहिलं असतं. आता ही नुसती जुनी गिटार."

"जुना तं मीबी हावो," सलीम म्हणाला आणि चहा सांगितला. मी मात्र पट्टीवरचं त्याचं नाव पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

त्यानंतर दर शुक्रवारी, नमाज आटोपून तो दुकानात येईपर्यंत, मी कीबोर्ड घेऊन हजर. दुपारभर वाजवायचो, भांडायचो, ताल चुकला की एकमेकांवर ढकलायचो. सहीचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. माझी तर हिंमतच झाली नाही.

मागच्या शुक्रवारी शबानाला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "माझ्यापायी तुझ्या बापाचं नुकसान झालं."

ती डोळे पुसता पुसता हसली. "काका, अब्बाले पहिल्यापासून माहीत होतं. त्या म्हाताऱ्या बाबानं देतानाच सांगितलं होतं, सही कोनाची ते. अब्बा म्हनत, बजावनार मी, अन् नाव त्याचं काऊन?"

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"म्या म्हटलं होतं, सांगा. तं म्हने, राहू दे. वसंताले वाईट वाटते म्हनून तरी तो दर शुक्रवारी येऊन राह्यला."

मला रागच आला. असा राग की महिनाभर अडलेलं रडू त्याच्यामागून बाहेर आलं. अरे गाढवा, वाईट वाटत होतंच. पण नुसतं वाईट वाटतं म्हणून कुणी कीबोर्ड खांद्यावर घेऊन एसटीत उभ्यानं येतं का? मी तुझ्याकडं येत होतो. हे एकदा तोंडानं बोलायला हवं होतं, ते राहिलं.

गिटार दुकानातच आहे, दिवाणांच्या फळ्यांशेजारी भिंतीला. काल शुक्रवार होता. मी गेलो होतो.